बेरजेतला नववा आवाज

हे घडलेलं आहे.

बबिता माझी धाकटी जाऊ. तिच्या तोंडून हे मी चार वेळा ऐकलं. चारही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. खोटं सांगणारं माणूस दर वेळी थोडी भर घालतं. बबिताने कधीच घातली नाही. उलट दर वेळी आवाज खाली जात गेला.

१७ मे २०२४. शुक्रवार. दुपारचे पावणेतीन.

रात्र नव्हती, हे आधीच सांगते. ऊन असं होतं की बाहेरच्या टिनाकडे बघवत नव्हतं.

आमचा तांडा घाटंजीपासून सहा किलोमीटरवर. तांड्याच्या टोकाला, शेताकडे जाणाऱ्या वाटेवर, सासऱ्यांचं कापूस ठेवायचं जुनं गोदाम आहे. सासरे म्हणजे धरमसिंग. त्यांनी ते गोदाम माझ्या दिराला, इंद्रजीतला, दिलं. इंद्रजीतला लहानपणापासून आवाजाचं वेड. लग्नाकार्यात साउंड लावायचा. बबिताशी लग्न झालं आणि त्याच्यापेक्षा तिचाच कान जास्त बारीक निघाला! मग दोघांनी मिळून त्या गोदामात स्टुडिओ उभा केला.

दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत कम्प्युटर, स्पीकर, यंत्रं. आतल्या खोलीत गाणारा बसतो. मधे जाड काच, भंगारातून आणलेली, बसच्या पुढची. आतल्या खोलीच्या भिंतींना दुहेरी फळ्या, आणि फळ्यांच्या मधे ठासून भरलेली रुई. दाराला चारी बाजूंनी रबर.

आत ओरडलं तर बाहेर कुजबुजसुद्धा येत नाही.

याचा दोघांना फार अभिमान होता.

त्या आठवड्यात स्टुडिओत एक नवीन वस्तू आली होती. काळा, चपटा, लोखंडी डबा. समिंगचा, म्हणजे बेरजेचा. मला त्यातलं काही कळत नाही, पण बबिताने सोपं करून सांगितलं ते असं. वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज शेवटी एकत्र करावे लागतात. एरवी ती बेरीज कम्प्युटर स्वतःच्या पोटात करतो. हा डबा असला की आवाज आठ तारांनी कम्प्युटरच्या बाहेर काढायचे, डब्यात घालायचे, तिथे त्यांची खरोखरच्या विजेत बेरीज होते, आणि दोन तारांनी ती परत कम्प्युटरमध्ये येते. एक डावी, एक उजवी.

"कम्प्युटरची बेरीज कोरडी राह्यते," इंद्रजीत म्हणायचा. "या डब्याची वली. जशी तव्यावरची भाकर अन् चुलीवरची."

"आयत्या भाकरी खाणाऱ्याले फरक समजते का?" बबिता म्हणायची.

काम होतं ढावलोचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या बंजारा लग्नात मुलगी सासरी निघाली की ती नुसती रडत नाही. रडता रडता गाते. त्याला ढावलो म्हणतात. आईच्या गळ्यात पडून, मग काकीच्या, मग बहिणीच्या… एकेकीच्या गळ्यात पडून. आता नव्या मुलींना येत नाही. नागपूरच्या एक संशोधक बाई अशी गाणी जमवत होत्या. तांड्यात ज्यांना ढावलो येतं अशा आठच बायका उरल्या होत्या. त्या आठांचा आवाज शनिवारी सकाळपर्यंत नागपूरला पाठवायचा होता.

आठही जणींना बबिताने एकेकटीला आत बसवून रेकॉर्ड केलं.

चूक झाली ती इथेच, असं मला वाटतं. पण त्या वेळी ते कोणाला चूक वाटलं नाही. कारण सरळ होतं. एकीचा आवाज दुसरीच्या माइकात शिरला की नंतर तो सोडवता येत नाही. म्हणून एकेकटी. दार बंद. कानाला हेडफोन, समोर माइक.

सगळ्यांत मोठ्या भुरीबाई. आमच्या चुलत सासूबाई. त्या आत गेल्या, माइकच्या स्टँडकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि परत बाहेर आल्या.

"हे काय वं बबे? म्या याच्या गळ्यात पडू?"

"काकी, डोळे मिटा अन् समजा का समोर तुमची याडी उभी आहे." याडी म्हणजे आई.

"माझ्या याडीले जाऊन तीस वर्सं झाली. डोये मिटून बोलावलं अन् आलीच ते, तं चहा तू पाजशीन?"

बाकीच्या बायका हसून हसून वाकल्या.

"अवं, हसू नका," भुरीबाई म्हणाल्या. "ढावलो असं हवेत नाई म्हनत. गळ्यात पडून म्हनतेत. अन् जिच्या गळ्यात पडली, तिनं पाठीवरून हात फिरवून 'उगी राह्य, जा' म्हनाव लागते. तवाच पोरगी हात सोडते."

"अन् नाही म्हटलं तर?" बबिताने विचारलं.

"तं नाई सोडत. नवरदेव बसते बाहेर बोंबलत!"

पुन्हा हशा. मग भुरीबाई आत गेल्या, दार लागलं, आणि त्यांनी रिकाम्या खोलीत ढावलो म्हटलं. त्यांच्यामागून बाकीच्या सात जणींनी. एकेकटीने.

कोणाच्याही पाठीवरून हात फिरला नाही.

कोणीही कोणाला उगी केलं नाही.

त्या शुक्रवारी इंद्रजीत मारेगावला एका लग्नात साउंड घेऊन गेला होता. बबिता जेवण उरकून उजूला घेऊन स्टुडिओत आली. उजू म्हणजे उज्ज्वला. तिची मुलगी. एकुलती. तेव्हा आठ महिन्यांची होती, आणि वरचे दोन दात नुकते फुटले होते. हसली की सशासारखी दिसायची.

उजूला ती आतल्या खोलीतच झोपवायची. तिथे छोटा कूलर होता आणि आवाजाचा त्रास नाही. छताच्या हुकाला झोळी बांधलेली. बाळ उठलं तर कळावं म्हणून बबिता आतला माइक चालू ठेवायची. उजूचा श्वास बाहेरच्या एका छोट्या स्पीकरवर येत राहायचा. फुस्स… फुस्स… तेवढ्या सोबतीने तिचे हात भरभर चालायचे.

तिने डब्याची जोडणी पूर्ण केली. आठ केबलींवर पांढरी चिकटपट्टी लावून आठ बायकांची नावं लिहिली. डब्याला सोळा भोकं होती. आठ भरली, आठ रिकामी. मग प्रत्येक तारेतून एक सरळ शिट्टीसारखा आवाज सोडून सगळ्यांचा काटा सारखा करून घेतला. आधी घूंऽऽ अशी घरघर येत होती. तिने सगळे प्लग एकाच बोर्डात घातले, घरघर गेली.

मग तिने आठही आवाज एकत्र सोडले.

ती म्हणते, मी तसं कधी ऐकलं नव्हतं. आठ बायका एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत असं वाटलं. तिच्या अंगावर काटा आला. आनंदाचा.

ती डोळे मिटून ऐकत होती…

आणि तिचा कान थबकला.

भुरीबाई. इंदूबाई. एकेक आवाज तिला पाठ होता. चार दिवस तेच ऐकत होती. तिने मनात मोजले.

नऊ.

पुन्हा मोजले.

नऊच.

मागे, अगदी मागे, कोणीतरी तरुण मुलगी होती. आठांतली सगळ्यांत लहान बाई पंचावन्नची.

बबिता घाबरली नाही. तिला वाटलं, कुठल्यातरी रेकॉर्डिंगमध्ये बाहेरचा आवाज शिरला असणार. तिने एकेक आवाज सुटा करून ऐकला. आठही स्वच्छ. एकेकटी बाई आणि तिच्याभोवतीची शांतता.

एकत्र केले… नऊ.

उजूजवळचा माइक? तो या डब्यात जोडलेलाच नव्हता. तरी तिने तो क्षणभर बंद केला.

नऊ.

मग तिने एकेक केबल उपटून पाहिली. भुरीबाईंची काढली, ती मुलगी गप्प झाली. परत लावली, ती परत आली. इंदूबाईंची काढली, गप्प. लावली, आली.

आठांतली कुठलीही एक काढली तरी ती नसायची.

आठही जणी एकत्र आल्या, की यायची.

आता बबिताला तिथून उठावंसं वाटलं. पण तिचा स्वभाव असा की मध्येच सोडणार नाही. आवाजवाल्यांची एक खात्रीची पद्धत असते. डब्यातून आलेली बेरीज आणि कम्प्युटरने स्वतः केलेली बेरीज एकावर एक ठेवायची, आणि त्यातली एक उलटी करायची. एकीची लाट वर तेव्हा दुसरीची खाली. पाचातून पाच गेले की शून्य, तसं जे जे दोन्हींत सारखं ते मिटून जातं. फक्त फरक उरतो. डबा कितीही चांगला असला तरी थोडी खरखर उरतेच. तेवढीच उरायला हवी.

तिने दोन्ही फाइली लावल्या. काटे जुळवले. एक उलटी केली.

भुरीबाई मिटल्या. इंदूबाई मिटल्या. आठही जणी मिटल्या.

खरखर उरली…

आणि तिच्यात एकटी ती मुलगी.

"याडीऽऽ…"

स्वच्छ. जवळ. रडून रडून बसलेला गळा.

"याडी ये…"

हे पुढचं बबिताने मला सांगितलं तेव्हा ती भिंतीकडे बघत होती.

तिचं दूध उतरलं.

ज्यांनी बाळ अंगावर पाजलंय त्यांना सांगायला नको. आपलं बाळ रडलं की आधी छातीला कळतं, मग कानाला. दुसऱ्याचं बाळ कितीही रडो, इतकं नाही होत. आणि इथे तर बाळ नव्हतं. वयात आलेली, लग्नाची मुलगी रडत होती. आणि बबिताचा कुर्ता समोरून ओला झाला.

छोट्या स्पीकरवर उजूचा श्वास शांत चालू होता. फुस्स… फुस्स…

ती धावत आत गेली. उजूला उचलून घ्यायचं, घरी जायचं, एवढंच डोक्यात. मोबाइल बाहेर टेबलावर राहिला. ते रडणंही तसंच सुरू राहिलं.

मागे दार लागलं. ते आपोआपच लागायचं, जड होतं म्हणून.

तिने झोळीतून उजूला उचललं. घामेजलेलं डोकं डाव्या खांद्यावर घेतलं. दाराला हात घातला.

मूठ फिरली.

दार हललं नाही.

तिने खांदा लावला. पाय भिंतीला रोवून जोर केला. ढकलायचं दार आपण चुकून ओढतोय का, तेही पाहिलं. दार बाहेरच उघडतं. ती रोज दहा वेळा ते उघडायची.

हललं नाही.

काचेतून बाहेरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. तीन वाजून पाच मिनिटं.

तेवढ्यात कूलर बंद पडला. दिवा गेला. लाइट गेली होती. बाहेरच्या खोलीत उंचावरच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी येत होती, तिचाच काय तो उजेड काचेतून आत येत होता. कम्प्युटर बॅटरीवर चालू राहिला. बॅटरीचा लाल दिवा उघडमीट करायला लागला. तो दिसत होता, त्याची पीप पीप मात्र आत येत नव्हती.

आतल्या खोलीत, स्टँडवर अडकवलेल्या हेडफोनमधून मात्र बारीक आवाज येत होता.

"याडी ये…"

तिने हाका मारल्या. माझ्या नवऱ्याला, सासऱ्यांना, मला. माझं नाव घेऊन ती ओरडली. मी तेव्हा तीनशे पावलांवर माझ्या घरात धाकट्याला थोपटत पडले होते. मला काही ऐकू आलं नाही. रुईने भरलेल्या भिंती… त्यांचं कामच ते होतं.

मे महिन्यात तीन वाजता तांड्यात कुत्रंसुद्धा फिरत नाही.

तिने उजूला झोळीत ठेवलं, माइकचा स्टँड उचलला आणि लोखंडी बुडाकडून काचेवर घातला. एकदा. दोनदा. सात वेळा. काचेवर कोळ्याचं जाळं उमटलं. बसची काच, ती तडकते, पडत नाही. आता तर बाहेरचं घड्याळही दिसेना.

हेडफोन खाली पडला होता.

खालून आवाज येतच होता.

तिने वायर उपटली.

आवाज आला…

आता हेडफोनमधून नाही. तिच्या उजव्या कानाजवळून.

खोली तापत चालली. वर टिन, मधे रुई, हवा नाही. तिने उजूला परत घेतलं. उजू जागी होती पण रडत नव्हती. तोंड लाल. कपाळ कोरडं. मघाशी घाम होता, आता नव्हता. त्याचा अर्थ आमच्याकडच्या प्रत्येक आईला माहीत आहे. उन्हाळ्यात बाळाचा घाम थांबला की दवाखाना गाठायचा, विचार करायचा नाही.

तिने उजूला छातीशी लावलं. दूध तर वाहत होतं. उजूच्या ओठांवर सांडत होतं.

उजूने तोंड फिरवलं.

पुन्हा लावलं. पुन्हा फिरवलं.

मग हे दूध उतरलं होतं कोणासाठी?

बबिता भिंतीला टेकून खाली बसली. बसली म्हणजे, तिला उभं राहवेना. मानेवर ओझं येत होतं. आधी वाटलं थकवा. मग कळलं, ओझं एकाच बाजूला आहे. उजव्या. डावीकडे उजू होती. उजवीकडे कोणी नव्हतं, आणि तिथे एका मोठ्या माणसाचं वजन होतं. मान त्या बाजूला वाकली होती.

उजवा खांदा ओला झाला.

कोमट. थेंब थेंब.

"याडी ये…"

तेव्हा तिला भुरीबाईंचं बोलणं आठवलं. आणि ही कोण, कुठून आली, या सगळ्याच्या आधी एकच गोष्ट तिला लख्ख कळली. हिला कोणी उगी केलेलं नाही. म्हणून ही सोडत नाही. म्हणून दार हलत नाही.

दोन शब्द म्हणायचे होते. उगी राह्य. जा.

तिने तोंड उघडलं…

आणि तिच्याने म्हणवेना.

ती मला म्हणाली, "ताई, भीती नव्हती वाटत मले तवा. मले तिचा वास आला. उजूच्या टाळूले येते ना, तोच. मोठ्या मान्साच्या केसांत तो वास कसा येईन? अन् तिले 'जा' कसं म्हनू मी? मायच्या तोंडातून निंगते का ते असं, बिना तयारीचं? कुठं जाईन ते? कोणाच्या घरी? ते घर कसं हाय, मले काहीच माईत नाही…"

डाव्या हातावरची उजू आता सैल पडत चालली होती. डोळे अर्धे मिटलेले. हाक मारली की पापणी हलायची, मग तेवढीही नाही.

दोन्ही खांद्यांवर एकच वास.

एकीला धरून ठेवायचं तर दुसरी हातची जाणार.

किती वेळ ती तशी बसली तिला माहीत नाही. मग तिने उजवा हात उचलला. हवेत. जिथे पाठ असायला हवी तिथे ठेवला.

हात खाली पडला नाही.

कशावर तरी टेकला.

तिने तो वरून खाली फिरवला. हळू. जसा उजूच्या पाठीवरून फिरवते तसा. हुंदक्याने ती पाठ हलत होती, ते तळव्याला कळत होतं.

"उगी राह्य," बबिता म्हणाली. "उगी राह्य, माय माझी."

रडणं थोडं थांबलं.

पुढचा शब्द राहिला होता. तिने उजूकडे पाहिलं.

"जा."

सगळं एकदम हलकं झालं.

कानाजवळ एक लांब श्वास… जसा खूप रडून झाल्यावर येतो तसा. आणि मग नुसती शांतता. त्या खोलीची नेहमीची.

तिने पायाने दार ढकललं. दार उघडलं. सहज, रोजच्यासारखं.

उजूला छातीशी धरून ती उन्हातून अनवाणी पळत आली. मी दार उघडलं तेव्हा चार वाजायला पाच कमी होते. तिच्या तळपायांना फोड आले होते, तिला पत्ता नव्हता. आम्ही उजूला ओल्या फडक्यात गुंडाळलं. सासऱ्यांनी गाडी काढली. घाटंजीच्या डॉक्टरांनी लगेच सलाइन लावलं. "अजून पंधरा मिनिटं गेली असती…" एवढं म्हणून ते सलाइनचा वेग बघायला वळले.

रात्री आठला उजू दूध प्यायली. तेव्हा कुठे बबिता रडली.

इंद्रजीत रात्री आला. दुसऱ्या दिवशी त्याने दार तपासलं. म्हणाला, "उन्हानं रबर फुगलं होतं. चिपकलं." त्याने रबर कापलं, दाराला खाली हवेची फट ठेवली. चांगला माणूस आहे. बायकोवर अविश्वास नाही दाखवला. तिच्यासमोर डबा पुन्हा जोडला, आठही केबली लावल्या, दोन्ही फाइली एकावर एक ठेवल्या, एक उलटी केली.

नुसती खरखर उरली.

"पाह्य," तो म्हणाला. "काहीच नाही."

बबिता म्हणाली, "व्हय. गेली ते."

आता माझ्यापुरतं सांगते. दवाखान्यातून आल्यावर तिचा कुर्ता मी धुवायला घेतला. समोर दुधाचे डाग होते. आणि मागे, मानेच्या खाली, एक पिवळट डाग होता. मला वाटलं धूळ. साबण लावला तसा तो लाल झाला.

ज्यांनी लग्नघरचे कपडे धुतलेत त्यांना माहीत आहे साबणाने काय लाल होतं ते.

हळद.

तांड्यात त्या महिनाभरात एकही लग्न नव्हतं. आणि तो डाग असा होता… जसं कोणी दोन्ही हात मानेमागे गुंफावेत.

मी तो कुर्ता बबिताला परत दिला नाही. फाटला म्हणून सांगितलं.

चार दिवसांनी भुरीबाई उजूला बघायला आल्या. बबिताने त्यांना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ उजूचे तळवे चोळत बसल्या.

"तू जा म्हनली?"

"व्हय काकी."

"पोरीच्या जातीले एक दिस म्हनाव लागतेच," भुरीबाई म्हणाल्या. "पन ते तिच्या दिवशी म्हनाव लागते. आधी नाई…"

चहा न घेताच उठल्या. त्यानंतर आजवर त्या स्टुडिओच्या वाटेने गेलेल्या नाहीत.

शनिवारची फाइल सोमवारी नागपूरला गेली. त्या बाईंना फार आवडली. डबा अजून तिथेच आहे, इंद्रजीत तो रोज वापरतो, आणि कामं चांगली चालली आहेत. कोणाला कधी काही जास्तीचं ऐकू आलेलं नाही.

आज उजू सव्वादोन वर्षांची आहे. गुटगुटीत, नुसती बडबडी. दिवसभर माझ्या धाकट्याशी भांडते. आवाज अजून बोबडाच आहे. पण मुलांचे आवाज बदलतात ना… महिन्या महिन्याला थोडे थोडे. थोडा खरखरीत होतो, थोडा भरतो.

परवा मी त्यांच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. बबिता आत भाकरी थापत होती. मागच्या दारातून उजूने हाक मारली.

"याडीऽऽ…"

भाकरी थापायचा आवाज थांबला.

मला वाटलं, ही आता ओ देईल.

नाही दिली.

मी दारातून डोकावले. बबिता पिठाचे हात तसेच हवेत धरून, डोळे मिटून उभी होती. तिचा तो बारीक कान. त्या मुलीचा आवाज तिने फक्त एकदा ऐकलाय, पण ती तो जन्मात विसरणार नाही.

उजूने पुन्हा हाक मारली.

बबिता आधी ऐकते. मग ओ देते.